चांदीला चिकटेल तेच दिसेल

रोहिणी सरत आल्या की कर्जत-खालापुरातल्या वाड्यांवर भाताच्या बियाण्याची उस्तवार सुरू होते. ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या या दोन तालुक्यांत एक सोडून अनेक आहेत. यातल्या कुठल्याही ठाकुरवाडीत गेलात तरी कृषी सहायक जो क्रम सांगून जातो तो एकच असतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं, वर तरंगलेलं पोल काढून टाकायचं, तळाशी बसलेलं चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मग किलोला अडीच-तीन ग्रॅम या हिशेबानं थायरम चोळायचं. हातमोजे घालून चोळा, असंही सांगितलेलं असतं. ते कितपत पाळलं जातं, हे आपण सगळेच जाणतो.

थायरम म्हणजे पांढुरकी, किंचित उग्र वासाची पूड. बियाण्यावरच्या आणि मातीतल्या बुरशीपासून कोंब वाचवणं हे तिचं शेतातलं काम. रबर टणक करायच्या प्रक्रियेतही ती वापरतात. २०२० साली केंद्र सरकारनं सत्तावीस कीडनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा काढला, त्या यादीत हिचंही नाव होतं. याच पुडीचे लाड जगभरच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्येही चालतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर पदार्थाचा अंश ठेवायचा, त्यावर लेसर टाकायचा आणि परतलेल्या प्रकाशावरून तो पदार्थ कोणता हे ओळखायचं, असं एक तंत्र आहे. पृष्ठवर्धित रामन वर्णपटमिती हे त्याचं भारदस्त नाव. प्रयोगशाळेत सगळे नुसतं ‘सर्स’ म्हणतात. कुणी नव्या घडणीचे चांदीचे कण तयार केले की ते किती तिखट आहेत हे दाखवायला पुष्कळदा थायरमच घेतात. थायरमच का, या प्रश्नाच्या उत्तरात या तंत्राची सगळी ताकद आहे आणि त्याची खोडही.

सुरुवात रामन यांच्यापासून करावी लागते, आणि ती थोडी मुंबईतूनही होते. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनं परतत होते. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचं प्रतिबिंब आहे, हे तेव्हाचं उत्तर त्यांना पटत नव्हतं. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असं त्यांचं म्हणणं होतं. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा २६ सप्टेंबर १९२१ अशी तारीख घालून त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिलं. पुढची सात वर्षं कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये हाच ध्यास चालला. २८ फेब्रुवारी १९२८ ला के. एस. कृष्णन यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून निघालं की विखुरलेल्या प्रकाशातला एक अगदी क्षीण भाग रंग बदलून बाहेर पडतो. १९३० चं नोबेल याच शोधाला मिळालं आणि आपला विज्ञान दिनही याच तारखेचा.

रंग बदलतो म्हणजे काय होतं? रेणूतले अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध सतत कंप पावत असतात. कार्बन-नायट्रोजन बंधाचा कंप वेगळा, गंधक-गंधक बंधाचा वेगळा. प्रकाशाचा एखादा कण रेणूवर आदळून उसळतो तेव्हा त्यातली थोडी ऊर्जा या कंपाला देऊन पुढे जातो. खालापूरच्या नाक्यावर गाडी टोल भरून पुढे निघते तसंच हे. प्रत्येक नाक्याचा दर वेगळा असेल, तर खिशातून किती पैसे गेले एवढ्यावरून गाडी कुठल्या नाक्यावरून आली ते सांगता येईल. प्रकाशकणानं किती ऊर्जा गमावली हे मोजलं की कोणत्या बंधाशी गाठ पडली ते कळतं. सगळ्या बंधांचे असे ‘दर’ एका आलेखावर मांडले की शिखरांची एक रांग मिळते आणि ती त्या रेणूचीच असते. थायरमची चांदीवरची ओळख पटवणारं ठळक शिखर १३८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतं. हे काम करणाऱ्यांना तो आकडा पाढ्यासारखा पाठ असतो.

अडचण एवढीच की टोल भरणारे फार थोडे. साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच असा ऊर्जा देऊन निघतो, बाकीचे आले तसे जातात. शुद्ध पदार्थ वाटीभर असेल तर एवढं पुरतं. औषध कारखान्यांत कच्च्या मालाची पिशवी न उघडता, वरून लेसर टाकून आत काय आहे ते तपासणारी हातातली रामन यंत्रं चांगली रुळली आहेत. पण अंशाचा अंश शोधायचा झाला तर साधं रामन तंत्र आंधळंच.

ही अडचण सुटली ती कुणी सोडवायला बसलं म्हणून नव्हे. १९७४ मध्ये इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन हे तिघे चांदीच्या विद्युतअग्रावर पिरिडिन या द्रवाचा अभ्यास करत होते. पृष्ठभागावर जास्त रेणू बसावेत म्हणून त्यांनी विजेच्या साह्यानं चांदी खरबरीत केली. रामन संकेत अनपेक्षितपणे दणदणीत आला. पृष्ठभाग वाढला, रेणू वाढले, म्हणून संकेत वाढला, असं त्यांनी धरलं. हिशेब नीट केला तो १९७७ मध्ये, आणि दोन ठिकाणी: अमेरिकेत जॉनमेअर आणि व्हॅन डाइन यांनी, इंग्लंडातल्या केंट विद्यापीठात आल्ब्रेख्ट आणि क्रायटन यांनी. खरबरीतपणानं पृष्ठभाग फार तर काही पट वाढला असेल. संकेत मात्र लाख ते दहा लाखपट वाढला होता. म्हणजे चांदी स्वतः काहीतरी करत होती. (यातले फ्लाइशमन पुढे १९८९ मध्ये ‘शीत संलयना’च्या फसलेल्या दाव्यामुळे जगभर गाजले. खऱ्या शोधाशी जोडलेलं त्यांचं नाव त्या गदारोळात मागे पडलं, हे मला नेहमी अन्यायाचं वाटतं.)

चांदी करते काय, ते असं. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण पन्नासेक नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असेल, तर प्रकाशाच्या लाटेपुढे तो इतका छोटा ठरतो की त्यातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकाच वेळी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असे हिंदकळू लागतात. एका ठरावीक रंगाच्या प्रकाशाला हे हिंदकळणं सर्वांत जोरात होतं. म्हणूनच चांदीचे असे कण पाण्यात पिवळे दिसतात आणि सोन्याचे लाल. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच सोन्याचं माणिकरंगी पाणी करून दाखवलं होतं. हिंदकळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे कणाच्या अगदी लगतचं विद्युतक्षेत्र तीव्र होतं. तिथे बसलेल्या रेणूवर पडणारा प्रकाश वाढतो, आणि त्याच्यापासून परत निघणारा प्रकाशही कणामुळेच पुन्हा वाढतो. दोन्ही वाढींचा गुणाकार होतो. क्षेत्र दहापट झालं तर संकेत दहा हजारपट. या तंत्रातल्या सगळ्या थक्क करणाऱ्या आकड्यांमागे हा चौथा घात आहे.

दोन कण एकमेकांच्या इतके जवळ आले की मध्ये एक-दोन नॅनोमीटरची फट उरली, तर त्या फटीतलं क्षेत्र एकट्या कणाजवळच्या क्षेत्राहून कितीतरी पट भडकतं. अशा जागांना ‘हॉट स्पॉट’ म्हणतात, आणि एकूण संकेताचा मोठा वाटा या मोजक्या जागांतूनच येतो. कण सुटे सुटे पोहत असतील तर ते मुद्दाम जवळ आणावे लागतात, आणि त्यासाठी अनेकदा वापरतात ते साधं मीठच. बियाण्यासाठी जे मीठ पाण्यात टाकतो, तेच. कणांवरच्या सारख्या विद्युतभारामुळे ते एकमेकांना दूर लोटत असतात. मीठ तो दुरावा कमी करतं आणि कण गुठळ्या करू लागतात. पिवळसर द्रव करडा होत जातो. मीठ जास्त झालं की सगळे कण तळाशी बसतात आणि दिवसाची मेहनत वाया.

कण बनवायची जुनी आणि अजून चालणारी रीत ली आणि मायझेल यांनी १९८२ मध्ये दिली: सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम साइट्रेट टाकायचं. साइट्रेट हा लिंबातल्या आम्लाचा क्षार. तो चांदीच्या आयनांचं धातूत रूपांतर करतो आणि तयार झालेल्या कणांभोवती आवरणही धरतो. खर्चिक यंत्र लागत नाही. शेगडी, ढवळणी आणि स्वच्छ काचभांडं पुरतं. भांडं मात्र खरोखर स्वच्छ हवं. आधीच्या प्रयोगातला एवढासा अंश राहिला तर पुढच्या आलेखात तोच मिरवतो.

कणांचा आकारही फरक पाडतो. गोल कणापेक्षा टोकदार कणाच्या कोपऱ्यांवर क्षेत्र अधिक एकवटतं. इथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं काम आठवतं. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवलं की गवती चहाच्या पानांचा उकळून काढलेला अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला, तर साध्या तापमानाला सोन्याचे चपटे त्रिकोणी नॅनोकण तयार होतात. कोकणातल्या कुठल्याही परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारा हा गवती चहा, आणि त्यातली साखरेच्या कुळातली व इतर द्रव्यं सोन्याला त्रिकोणात बसवतात! असे त्रिकोण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात. हिरव्या भाजीच्या तपासणीसाठी नेमका तसाच प्रकाश बरा पडतो. कारण पुढे येईलच. पुण्यातच आयसर या विज्ञानसंस्थेत जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारा आणि प्रकाश यांच्या खेळावर काम करतो, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या तंत्रावर काम झालं आहे. म्हणजे ज्ञान आपल्याकडे कमी नाही.

आता थायरमकडे परत. घरातलं चांदीचं निरांजन काही महिने नुसतं ठेवलं तरी काळं पडतं. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचं सख्य आहे आणि काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा. थायरमच्या रेणूत गंधकाचे चार अणू असतात आणि त्यातले दोन एकमेकांना जोडून रेणूचे दोन सारखे अर्धे धरून ठेवतात. चांदी भेटली की हा मधला बंध तुटतो, आणि प्रत्येक अर्धा आपल्या दोन्ही गंधकांनी चांदीला घट्ट बिलगतो. दुसऱ्या शब्दांत, थायरम स्वतःहून चालत जाऊन नेमक्या जागी बसतो. हे महत्त्वाचं, कारण वाढलेलं क्षेत्र धातूपासून काही नॅनोमीटर दूर गेलं की झपाट्यानं विरतं. जो रेणू पृष्ठभागाला चिकटला नाही तो या तंत्राच्या लेखी हजरच नाही.

हीच गोष्ट १९९७ च्या गाजलेल्या प्रयोगांना लागू आहे. त्या वर्षी काट्रिन क्नाइप यांच्या गटानं आणि स्वतंत्रपणे नी व एमरी यांनी एकेक सुटा रेणू सर्सनं पाहिल्याचं जाहीर केलं. वाढीचा आकडा सांगितला गेला एक कोटी गुणिले एक कोटी. पुढच्या काटेकोर मोजण्यांत तो बराच खाली आला. एक रेणू दिसायला एवढी वाढ लागतच नाही, असंही निघालं. पण पाहिलेले रेणू कोणते होते? क्नाइप यांचा क्रिस्टल व्हायोलेट, म्हणजे तोंड आलं की लावायचं ते जांभळं औषध, दुसऱ्यांचा ऱ्होडामिन. दोन्ही रंगद्रव्यं. दोन्ही स्वतःच प्रकाश भरपूर शोषतात, दोन्हींवर धन भार असतो आणि साइट्रेटनं वेढलेल्या ऋण भाराच्या चांदीकडे ती ओढली जातात. लाडक्या विद्यार्थ्याला सोपा पेपर देऊन पहिला नंबर काढण्यातला हा प्रकार, असं म्हणण्याचा मोह होतो. ते थोडं कडक होईल. पण असे निबंध वाचताना रेणू कोणता घेतला हे आधी बघावं.

आता वाडीवरच्या भाजीकडे या. पावसाळ्यात डोंगरउतारावर काकडी, शिराळी, कारली, भेंडी निघते आणि कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात पाटीनं येते. वाडीवरच्या ठाकर आदिवासी बायकांच्या पाटीतल्या गावठी काकडीवर फवारा बहुधा पडलेलाच नसतो. पण बाजारात तिच्याशेजारी कुठून कुठून आलेली भेंडी असते, आणि ‘औषध मारलंय का’ हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस हे कीडनाशक वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे. ज्या कीडनाशकाची एखाद्या पिकासाठी मर्यादा ठरवलेली नसते, तिथे अन्नसुरक्षा नियमांची सर्वसाधारण मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो. म्हणजे शंभर टन भाजीत एक ग्रॅम.

एवढं बारीक शोधायचं काम आज ज्या यंत्रांवर चालतं ती खोलीभर असतात. भाजी वाटायची, द्रावकात अर्क काढायचा, स्वच्छ करायचा, मग वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी. एका नमुन्याला लागणारा वेळ, पैसा आणि प्रशिक्षित माणूस पाहता बाजारातल्या प्रत्येक पाटीला हे परवडणार नाही. सर्सचं आकर्षण इथेच आहे. चांदीचे कण बसवलेली कागदाची पट्टी किंचित ओली करून भेंडीवर घासायची, हातातल्या यंत्राखाली धरायची, काही सेकंदांत आलेख. चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या तिआन झोंगचुन यांच्या गटानं २०१० मध्ये याहून पुढची गोष्ट केली. सोन्याच्या कणांना काही नॅनोमीटर जाडीचं काचेसारखं कवच घातलं आणि ते संत्र्याच्या सालीवर शिंपडून तिथलं मिथाइल पॅराथिऑन हे कीडनाशक ओळखून दाखवलं.

भेंडीवर मात्र अडचणी एकामागून एक येतात. हिरव्या लेसरखाली सालीतलं हरितद्रव्य स्वतःच चमकू लागतं आणि त्या झगमगाटात शिखरं बुडतात. म्हणून ७८५ नॅनोमीटरचा, अवरक्ताकडे झुकणारा लेसर घ्यावा लागतो. भेंडीचा बुळबुळीत रस, प्रथिनं, सालीवरचं मेण हे सगळे चांदीवर जागा अडवून बसतात आणि कीडनाशकाला उभं राहायला फट मिळत नाही. पट्टीवरचे हॉट स्पॉट सारखे पसरलेले नसतात; लेसरचा ठिपका केसभर सरकला तरी संकेत कित्येक पट खालीवर होतो, त्यामुळे ‘आहे’ म्हणणं जमतं, ‘किती आहे’ म्हणणं कठीण. चांदी शिळी होते. आणि मुख्य म्हणजे मोनोक्रोटोफॉस आंतरप्रवाही आहे. ते झाडाच्या रसात भिनतं, आणि घासलेली पट्टी फक्त सालीवरचं पाहते. त्यात त्याच्या रेणूत गंधक नाहीच, म्हणजे चांदीला बिलगायचं कारणही नाही.

पाताळगंगेकाठच्या रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात मॅलेथिऑन आणि डीडीटी तयार होत असे. डीडीटीच्या रेणूतही गंधक नाही. पाण्याशी वैर आणि तेलाशी मैत्री असा त्याचा स्वभाव. त्याला सर्सनं पकडायचं तर चांदीवर आधी दुसऱ्या रेणूंचा तेलकट थर चढवावा लागतो, म्हणजे डीडीटी त्या थरात शिरून धातूजवळ येतो. असे सापळे रचता येतात आणि रचले गेले आहेत. पण प्रत्येक शिकारीला वेगळा सापळा, हे एकदा मान्य केलं की ‘एका पट्टीत सगळी कीडनाशकं’ ही जाहिरातीची भाषा गळून पडते.

यंत्र आपण सांगू तेच शोधतं, हा धडा महाराष्ट्रानं एकदा चांगलाच घेतला आहे. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. शेतकऱ्यांच्या तोंडी ते सीसीसी, वाढ रोखून घड सुधारायला वापरलेलं. निर्यातीपूर्वी द्राक्षांची तपासणी अद्ययावत यंत्रांवर होत होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नव्हतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात काय, किंवा परदेशात काय, यंत्र कितीही महाग असलं तरी त्याला प्रश्न माणसानंच घालायचा असतो.

मग सर्स कुठे उपयोगी? जिथे शोधायचा पदार्थ ठरलेला आहे आणि तो धातूला चिकटतो, तिथे. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळच्या ढेकू गावात पोलिसांनी एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला. अमली पदार्थांच्या अशा तपासात हातातली रामन यंत्रं कामाची असतात, आणि पुड्यातल्या मालात घातक पदार्थ चिमूटभरच मिसळलेला असेल तर साधं रामन थकतं तिथे चांदीची पट्टी साथ देते. परदेशात हेरॉइनमधलं फेंटानिल शोधायला अशाच पट्ट्या आल्या आहेत. भाजीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. सर्सला न्यायाधीश करू नये, चाळणी करावी. बाजार समितीच्या दारात शंभर नमुन्यांतून संशयास्पद पाच बाजूला काढायला ते उत्तम ठरेल. शेतकऱ्याला दंड करायचा किंवा माल नाकारायचा तर मोठ्या प्रयोगशाळेचाच दाखला हवा. उलट बाजूही तितकीच पक्की: पट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे भाजी निर्धोक, असं होत नाही.

कीटकनाशक ‘मिनिटात ओळखणारी’ लहान यंत्रं बाजारात मिळू लागली आहेत. सोसायटी, शाळा किंवा शेतकरी गट यांपैकी कुणासाठी असं यंत्र घ्यायचं ठरलं, तर विक्रेत्याला विचारा की ते कोणकोणती कीडनाशकं दाखवतं आणि त्यांची नावं कागदावर लिहून देता का. मग त्याच्यासमोरच फवारा न मारलेली भेंडी घासून यंत्राखाली धरा आणि आलेखावर काय उमटतं ते पाहूनच पैसे द्या.